बापाचे पत्र कोणी लिहायचे?

आमच्या तालुक्यातल्या कोणत्याही माध्यमिक शाळेच्या कार्यालयात जा. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे गाडगेबाबा, सावित्रीबाई, बाबासाहेब यांच्या तसबिरींच्या रांगेत कुठेतरी एक चौकट हमखास दिसते : अब्राहम लिंकनचे आपल्या मुलाच्या हेडमास्तरांस पत्र. वसंत बापटांनी केलेले त्याचे मराठी रूपांतर महाराष्ट्रात इतके मुरले आहे की, निरोपसमारंभात कोणी ते वाचून दाखवले नाही तर कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही. मीही दहावीला असताना ते पाठ म्हटले होते आणि बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळवली होती.

हे पत्र लिंकनचे नाही. त्याच्या संकलित लेखनात ते सापडत नाही, मूळ हस्तलिखित कोणी दाखवलेले नाही. पण मला अस्सलपणाचा वाद घालायचा नाही. एका बापाच्या नावावर खपलेला हा उपदेश आपल्या सर्वांना इतका का पटला, हा माझा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की, त्यात बापच नाही, म्हणून पटला. मुलगा केवढा, बाप कुठे असतो, घरी कधी येतो, आई काय म्हणते, यातले काही त्यात नाही. सगळा भर शिकवण्यावर. असा उपदेश कोणाच्याही भिंतीवर चपखल बसतो. खरा लिंकन फिरतीवरचा वकील होता. त्याच्या चार मुलांपैकी एकटा रॉबर्ट प्रौढ वयापर्यंत जगला, आणि लहानपणच्या बापाची त्याची आठवण काय, तर खोगिराच्या पिशव्या भरून दौऱ्यावर निघणारा माणूस. लिंकनचा स्वतःचा बाप टॉमस याला लिहिण्याच्या नावाने आपली सही तेवढी कशीबशी करता येई. हे लिंकननेच नमूद करून ठेवले आहे. निघून जाणारा बाप आणि लिहिता न येणारा बाप! त्या चौकटीतल्या सगळ्या मजकुरापेक्षा मला हे दोन तपशील मोलाचे वाटतात. आमच्या वस्तीला हे दोघेही चांगले ओळखीचे आहेत.

या विषयाकडे मी केवळ समीक्षक म्हणून वळलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी मुलगी सात वर्षांची आहे आणि ती अमरावतीला तिच्या आईकडे असते. मी यवतमाळला तासिका तत्त्वावर शिकवतो. आम्ही नवराबायको तीन वर्षांपासून वेगळे राहतो. त्याची कारणे सांगण्याची ही जागा नाही. त्यांतली निम्मी तरी माझी आहेत. महिन्यातून दोन रविवार मी एसटीने जातो, मुलीला बागेत नेतो, परत आणून सोडतो. मागच्या पावसाळ्यात तिने फोनवर विचारले, "बाबा, तुम्ही लहान होते तेव्हा तुमचे बाबा तुमच्याजवळ राहत होते का?" मला फोनवर उत्तर देता आले नाही. पत्र लिहीन म्हणालो. लिहायला बसलो आणि पान भरल्यावर वाचून पाहिले, तर तो लिंकनच होता! खरे बोल, अभ्यास कर, आईचे ऐक, पुस्तके वाच. आज्ञार्थी क्रियापदांची नुसती रांग. तिचा प्रश्न वेगळाच होता आणि तो तसाच राहिला होता.

दूर असलेल्या बापाने लेकराला लिहिलेल्या पत्रांचा आपल्याकडचा मान्यवर नमुना म्हणजे नेहरूंचा. 1928 च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीला होती आणि अलाहाबादेहून बापाने तिला पृथ्वी कशी झाली, प्राणी कसे आले, माणसांच्या टोळ्या कशा बनल्या हे लिहून कळवले. पुढे तुरुंगांतून लिहिलेल्या पत्रांत सगळ्या जगाचा इतिहास आला. ही पत्रे थोर आहेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. विज्ञाननिष्ठ बाप मुलीला देव न सांगता जग सांगतो, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु ज्या घरात पुस्तकांची कपाटे आहेत, आजोबांचा दिवाणखाना आहे, त्या घरातल्या बापाला घराची आठवण वेगळी सांगावी लागत नाही. ती भिंतींतच असते. म्हणून तो थेट पृथ्वीच्या उत्पत्तीपासून सुरुवात करू शकतो. माझ्या मुलीला पृथ्वीचा इतिहास शाळेत मिळेल. तिच्या आजोबाचा इतिहास कोणत्या पुस्तकात आहे?

माझा बाप वणीजवळच्या राजूरला चुनाभट्टीवर कामाला होता. आमचे गाव दारव्हा तालुक्यात. चुनखडीचा दगड फोडायचा, कोळशाचे आणि दगडाचे थर रचून भट्टी भरायची, पेटवायची, जळालेला दगड काढायचा. त्या कामात हाताची कातडी उलते, डोळे लाल होतात. बाप दिवाळीला यायचा, जयंतीला यायचा, मधे कधी कोणाच्या मयतीला. त्याच्या हाताच्या भेगांत पांढरे भरलेले असायचे आणि तो गालावरून हात फिरवू लागला की मी मान मागे घ्यायचो. त्याला ते कळत असणार. बोलला कधी नाही.

त्याची एकूण तीन पोस्टकार्डे आली, त्यांतले एक माझ्याजवळ आहे. बापाला अक्षर येत नव्हते. सोबतच्या सातवी शिकलेल्या कामगाराने ते लिहिले आहे आणि आपल्या शाळेत शिकवलेल्या पत्रलेखनाप्रमाणे वर 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असेही घातले आहे. बापाने पोराला साष्टांग नमस्कार! मजकूर चार ओळींचा. खुशाली, पैसे कोणाबरोबर पाठवले त्याचे नाव, बकरी विकू नये, आणि शेवटी माझ्यासाठी एक वाक्य, जे त्या लिहिणाऱ्याच्या शाळकरी मराठीतून निसटून बापाच्या वऱ्हाडीत उतरले आहे : "शाळा सोडू नोको." मायला वाचता येत नव्हते, म्हणून ते कार्ड तिला मीच वाचून दाखवले. मला दिलेला उपदेश मीच मोठ्याने वाचला आणि माय म्हणाली, "आयकलं ना आता?"

लिंकनच्या नावावरचे पत्र लिंकनचे नाही. माझ्या बापाच्या नावावरच्या कार्डात एक अक्षर बापाच्या हातचे नाही, आणि तरी ते पूर्ण त्याचे आहे. साहित्यात 'अस्सल अनुभव' हा शब्द आपण फार सैल वापरतो. मला वाटते, त्याची कसोटी हस्ताक्षरात नसून त्या बकरीत आहे.

या दृष्टीने दलित आत्मकथनांकडे पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. आपल्या साहित्यात बापाने लेकराला लिहिलेले फार थोडे आहे. आहे ते बहुतेक लेकरांनी बापाविषयी लिहिलेले. पत्र उलट्या दिशेने गेले आहे. नरेंद्र जाधवांच्या 'आमचा बाप आन् आम्ही' (1993) या पुस्तकामागे म्हाताऱ्या बापाने मुलाच्या आग्रहावरून लिहिलेल्या आठवणींच्या वह्या आहेत. म्हणजे तिथेही बापाच्या हातात लेखणी मुलानेच दिली. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (1984) तर बापाजवळ मुलाला द्यायला ना आठवण आहे ना उपदेश. पाटील असलेला बाप मुलाला ओळखच देत नाही, आणि शाळेत बापाचे नाव काय लावायचे हाच प्रश्न होऊन बसतो. दूर राहणारा बाप आणि नाकारणारा बाप यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जात त्या फरकाच्या मधोमध उभी आहे, हे त्या पुस्तकाने जितके दाखवले तितके दुसऱ्या कोणी दाखवले असेल असे मला वाटत नाही.

'बलुतं'ची (1978) गोष्ट निराळी आहे आणि माझ्या मते ती पुरेशी वाचली गेलेली नाही. आपण 'बलुतं' वाचतो ते महारवाड्यासाठी, कावाखान्यासाठी, मायच्या कष्टांसाठी. वर्गात शिकवतो तेही तेवढेच. पण त्या पुस्तकात सई आहे, संशयापायी मोडलेले पहिले लग्न आहे, आणि त्या मोडतोडीत सापडलेली लहान मुलगीही आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी शिकल्यासवरल्या दया पवारला सांगतो, ही त्या पुस्तकाची रचना. तिचे कौतुक झाले ते बहुधा दुभंगलेल्या दलित मनाचे प्रतीक म्हणून. मला ती रचना आणखी एका कारणासाठी गरजेची वाटते. व्यवस्थेने केलेला अन्याय सांगायला एक माणूस पुरतो. आपण केलेला अन्याय सांगायचा तर समोर दुसरा लागतो, भले तो आपणच असो. पवारांनी स्वतःला त्या प्रकरणातून सोडवून घेतलेले नाही. जातीने छळलेला पुरुष घरात छळणारा होऊ शकतो, हे त्यांनी 1978 साली छापले. आमच्यातल्या काहींनी तेव्हा नाके मुरडली, त्यामागे समाजाची अब्रू जाते ही भीती होती. त्या भीतीपोटीच आम्ही सईची पाने उलटून पुढे जातो.

येथे मला जेम्स बाल्डविनची आठवण होते. निग्रो साहित्याशी आपले नाते आपण नेहमी सांगतो. हा शब्द तेव्हाचा, आज कृष्णवर्णीय म्हणावे लागेल. गुलामगिरीच्या अंताच्या घोषणेला शंभर वर्षे होत होती, त्या निमित्ताने 1962 मध्ये बाल्डविनने आपल्या किशोरवयीन पुतण्याला पत्र लिहिले आणि ते पुढल्या वर्षी 'द फायर नेक्स्ट टाइम' या पुस्तकात आले. तो चुलता आहे, बाप नाही. पण ते पत्र उपदेशाने सुरू होत नाही. ते आजोबाच्या पराभवाने सुरू होते. गोरे आपल्याबद्दल जे म्हणतात ते आजोबाने मनातून खरे मानले, आणि तो तिथेच हरला, असे तो मुलाला सरळ सांगतो. नंतर जो उपदेश येतो त्याला त्या पराभवाचे वजन आहे. ही अशी जोड आपल्या लेखनात मी शोधतो आहे. नुसती आठवण सांगितली की ती बढाई होते : आम्ही उपाशी शिकलो, तुम्हांला काय कळणार! नुसता उपदेश केला की तो हुकूम होतो. आमच्या नोकरदार पिढीने आपल्या मुलांना हे दोन्ही भरपूर दिले. आपण कुठे चुकलो, तेवढे मात्र दिले नाही.

आणि हे चळवळीबद्दलही बोलले पाहिजे. बाबासाहेब 1913 साली न्यूयॉर्कला गेले तेव्हा यशवंत वर्षाचाही झाला नव्हता; ते परतले 1917 मध्ये. 1920 ते 1923 पुन्हा लंडन. या सगळ्या काळात घर रमाईंनी ओढले. पाच मुलांपैकी चार गेली. 1926 साली राजरत्न गेल्यावर मित्र दत्तोबा पवार यांना बाबासाहेबांनी जे पत्र लिहिले, त्यात नेता नाही, मोडून पडलेला बाप आहे. लाखोंनी ज्याला बाप म्हटले त्या माणसाच्या घरात बापाचा वेळ किती उरला असेल, हा प्रश्न विचारल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. पण त्या त्यागाचा दाखला देऊन सभा संपल्यावरही घरी न जाणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत, त्यांत मीही होतो. अशा घरात मागे राहिलेल्या बाईने लिहिले की काय दिसते, ते मल्लिका अमर शेख यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'ने (1984) दाखवून दिले. त्यावर आपण कुजबुज केली, चर्चा फार थोडी केली.

यवतमाळ जिल्ह्यात बापाच्या हातचा कागद म्हटला की आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर येते. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी बायकोमुलांसह जीवन संपवले, तेव्हापासून या जिल्ह्याचे नाव कशाशी जोडले गेले ते सांगायला नको. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन मुले अशा घरांतली असतात. मागे चिठ्ठी राहिली असेल तर ती पोलीस वाचतात, तलाठी वाचतो. एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवायला कागद लागतात, त्यांत तीही असते. एका विद्यार्थ्याने मला सांगितले की, बापाच्या चिठ्ठीची झेरॉक्स त्याने पहिल्यांदा फायलीत पाहिली, तेव्हा तो आठवीत होता. त्या चिठ्ठीत त्याचे नाव होते का, हे मी विचारले नाही. त्याला मी आत्मकथनाचा प्रकल्प दिला होता. त्याने विषय बदलून मागितला आणि मी बदलून दिला. ते बरोबर केले की नाही, मला अजून ठरवता आलेले नाही.

माझे पत्र चारदा फाडून पाचव्यांदा लिहितो आहे. एक अडचण अशी निघाली की, मुलगी इंग्रजी माध्यमात आहे आणि मराठी जोडाक्षरांवर अडते. म्हणजे पत्र तिला तिची आईच वाचून दाखवणार. मी पोस्टकार्ड मायला वाचून दाखवले, त्याच्या हे बरोबर उलट. हे लक्षात आल्यावर मी लिहिलेली निम्मी वाक्ये मला खोडावी लागली, कारण ती तिच्या आईच्या तोंडून वाचली जाऊ शकत नव्हती. ती खोटी तरी होती किंवा तिच्यावर ढकललेली तरी. उरले ते राजूर, भट्टी, पांढऱ्या भेगांचा हात, मी मान मागे घ्यायचो ते, आणि ते कार्ड. कार्डाची झेरॉक्स जोडून पहिले पान गेल्या रविवारी पाठवले. दुसऱ्या पानावर आम्ही वेगळे का झालो, त्यातला माझा भाग लिहिला आहे. ते अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.