ईस्ट इंडिया नावाचे स्थानक

लंडनच्या पूर्व भागात चालकाविना धावणारी एक छोटी रेल्वे आहे. १९९४ साली तिच्या वाढीव मार्गावर जी स्थानके उघडली, त्यांतील एकाचे नाव ‘ईस्ट इंडिया’ असे आहे. त्या फलाटावर उतरून पाटी वाचताना आम्ही क्षणभर थबकलो. मुंबई-साष्टीतील कितीतरी कॅथलिक कुटुंबे स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवितात. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या १८८७ साली, नोकरीधंद्यात आपण निराळे ओळखले जावे म्हणून, आपल्या पूर्वजांनी हे नाव जाणूनबुजून स्वीकारले. ज्या कंपनीवरून ते घेतले, तिची जहाजे जेथे रिकामी होत त्याच जागेवर हे स्थानक उभे आहे. नाव ओळखीचे, पण भोवतालच्या काचेच्या इमारतींत आम्हांला ओळखीचे काहीच दिसेना.

थेम्स नदीच्या काठचा हा गोदीविभाग जुन्या बंदरांच्या नवनिर्माणाचा नमुना म्हणून जगभर दाखविला जातो. आमच्या मुंबईच्या पूर्व किनाऱ्याविषयी चर्चा निघाली की अशाच विभागांचे दाखले दिले जातात. तेव्हा हा नमुना नीट पाहावा या हेतूने आम्ही दोन दिवस तेथे पायी हिंडलो. एखाद्या ग्रंथाचे परीक्षण करताना त्याची बांधणी व छपाई पाहून आपण थांबत नाही. त्यात काय सांगितले आहे आणि काय गाळले आहे, हेही पाहतो. या वस्तीकडे आम्ही त्याच दृष्टीने पाहिले.

प्रथम थोडा इतिहास. वेस्ट इंडिया गोदी १८०२ साली उघडली, ईस्ट इंडिया गोदी १८०६ साली, आणि सेंट कॅथरिन गोदी १८२८ साली. साखर, रम, चहा, मसाले, नीळ, तंबाखू असा अर्ध्या जगाचा माल येथील वखारींत साठविला जाई. १९६० नंतर कंटेनर आले. पेट्यांत बंद झालेल्या मालाला ना वखार लागे, ना हमाल. मोठ्या बोटी समुद्राजवळच्या टिलबरी बंदरात थांबू लागल्या आणि शहरातील गोद्या एकेक करून बंद पडल्या : ईस्ट इंडिया १९६७ साली, सेंट कॅथरिन १९६८ साली, वेस्ट इंडिया १९८० साली. पुढच्याच वर्षी सरकारने या विभागाच्या विकासासाठी स्वतंत्र महामंडळ नेमले. ते १९९८ पर्यंत चालले. आज जे दिसते त्याचा मोठा भाग त्या सतरा वर्षांत घडला.

आम्ही सुरुवात केली ती टॉवर ब्रिजच्या दक्षिणेस असलेल्या शॅड टेम्स या गल्लीतून. दोन्ही बाजूंना विटांच्या उंच वखारी आणि त्यांना जोडणारे, डोक्यावरून जाणारे लोखंडी पूल. या पुलांवरून एके काळी पिंपे आणि पोती एका वखारीतून दुसरीत नेत असत. आता त्यांवर फुलझाडांच्या कुंड्या आहेत. वखारींचे फ्लॅट झाले असून त्यांना दालचिनी, वेलदोडा, केशर अशी नावे दिली आहेत. काम सफाईचे आहे, हे मान्य केले पाहिजे. विटा स्वच्छ केल्या, पण रंगविल्या नाहीत. यारीचे जुने हात जागच्या जागी ठेवले. गल्लीची अरुंद, काळोखी धाटणीही बिघडू दिली नाही. परंतु ज्याच्या अंगणात मिरवेल चढलेली आहे अशा कोकणी माणसाला येथे एक गोष्ट खटकते. मसाल्याची नावे सर्वत्र आहेत. मसाला कोणी पिकविला, कोणी वाहिला, कोणी उतरविला, याची खूण आम्हांला त्या गल्लीत कोठे दिसली नाही. पदार्थाचे नाव उरले आणि हाताचे नाव गेले. कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात आम्ही एका तरुण वाढप्याला या पुलांविषयी विचारले. तो नम्रपणे म्हणाला, “शोभेसाठी असावेत.”

पूल ओलांडून आम्ही सेंट कॅथरिन गोदीत आलो. येथे पाण्यावर श्रीमंतांच्या होड्या झुलतात आणि काठावर लोक निवांत कॉफी घेत बसतात. दृश्य मनोहर आहे. मात्र आमच्या वाचकांना या जागेची मागची कथा ठाऊक असावी. माटिल्डा राणीने ११४७ साली येथे संत कॅथरिनच्या नावाने एक धर्मादाय आश्रम स्थापिला होता. त्याच्याभोवती शतकानुशतके गरिबांची दाट वस्ती वाढली. गोदी खणण्यासाठी आश्रम, त्याचे चर्च आणि सुमारे १२५० घरे पाडण्यात आली. ११,३०० माणसे बेघर झाली. म्हणजे ज्या गोदीच्या अंताबद्दल आज हळहळ व्यक्त केली जाते, तीच मुळात एका वस्तीच्या उरावर उभी राहिली होती. विस्थापन कंटेनरबरोबर आले असे नव्हे. ते येथे आरंभापासून होते. संत कॅथरिनचे नाव मात्र प्रत्येक वेळी राखले गेले. नाव राखण्यास खर्च येत नाही.

पूर्वेकडे चालत गेले की वॉपिंग लागते. तेथील सेंट पॅट्रिक चर्च आयरिश गोदी कामगारांच्या धर्मग्रामाचे. दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश कॅथलिक या काठावर मोठ्या संख्येने हमाल झाले होते. रोज सकाळी गोदीच्या फाटकाशी माणसांची गर्दी उभी राही. मुकादम बोट दाखवील त्यालाच त्या दिवशी काम, बाकीचे रिकाम्या हाताने घरी. १८८९ च्या ऑगस्टमध्ये या माणसांनी संप पुकारला. मागणी काय होती? तासाला पाच पेन्सऐवजी सहा पेन्स. सुमारे एक लाख कामगार बाहेर पडले. घरात अन्न उरले नाही, तेव्हा दूर ऑस्ट्रेलियातील श्रमिकांनी ३०,००० पौंडांहून अधिक मदत पाठविली.

या संपात मध्यस्थी केली ती वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप कार्डिनल मॅनिंग यांनी. त्या वेळी त्यांचे वय ८१ वर्षांचे होते. गोदीमालकांच्या दारी ते गेले, आणि पॉप्लर येथील एका कॅथलिक शाळेत संपसमितीसमोर बसून त्यांनी कामगारांचे मनही वळविले. पाच आठवड्यांनंतर सप्टेंबरच्या मध्यास समेट झाला आणि सहा पेन्स मान्य झाले. पुढे दीड वर्षाहून अधिक काळाने, मे १८९१ मध्ये, पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरूम नोव्हारूम’ हे परिपत्रक निघाले. त्यामागील प्रेरणांत मॅनिंग यांच्या कार्याची गणना केली जाते. ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीचा एक धागा असा या चिखलाच्या काठाशी बांधलेला आहे. नदीकाठच्या नव्या पायवाटेने आम्ही दोन दिवस चाललो. तिच्यावरील अनेक फलक आम्ही वाचले. जहाजे, इमारती आणि अभियंते यांची माहिती भरपूर मिळाली. सहा पेन्सची गोष्ट आमच्या वाटेवर कोठे भेटली नाही.

तरीही एकांगी टीका करणे अन्यायाचे होईल. वेस्ट इंडिया गोदीच्या उत्तर धक्क्यावर साखरेच्या जुन्या वखारींपैकी दोन उभ्या आहेत. बाकीच्या १९४० च्या बाँबवर्षावात जळाल्या. त्यांतील पहिल्या क्रमांकाच्या वखारीत २००३ साली गोदीविभागाचे संग्रहालय उघडले. जाड लाकडी खांब, ठेंगणे छत, आणि तेथेच ठेवलेली वजने, आकडे, पिंपे. २००७ पासून तेथे साखर आणि गुलामगिरी यांवर एक कायम दालन आहे. ही वखार ज्या साखरेसाठी बांधली ती कोणाच्या घामातून आली, हे त्याच वखारीत उभे राहून सांगितले जाते. बाहेर गोदीचा प्रवर्तक रॉबर्ट मिलिगन याचा पुतळा होता. त्याच्या मृत्यूच्या वेळी जमैकात ५२६ गुलाम त्याच्या मालकीचे होते. जून २०२० मध्ये तो पुतळा तेथून हलविण्यात आला. संपूर्ण विभागात आम्हांला सर्वांत प्रामाणिक वाटली ती ही इमारत; कारण तिने आपल्या विटांना साक्ष द्यायला लावली आहे.

वखारीच्या दारातून समोर पाहिले की पाण्यापलीकडे कॅनरी वॉर्फचे मनोरे दिसतात. हे नावही मालावरूनच आलेले. कॅनरी बेटांवरून येणारी फळे येथील धक्क्यावर उतरत. त्यांतील पिरॅमिडच्या माथ्याचा, २३५ मीटर उंचीचा मनोरा १९९१ साली पुरा झाला. येथे पैसा उतरतो आणि चढतो. तो वाहायला पाठ लागत नाही. या बांधकामाने हजारो नोकऱ्या आणल्या हे खरे. परंतु ज्यांची गोदीतील नोकरी गेली त्यांच्या हाती या नोकऱ्या फारशा लागल्या नाहीत, आणि नव्या घरांच्या किमती त्यांच्या आवाक्यात नव्हत्या. १९८४ साली स्थानिक रहिवासी होड्यांचा ताफा घेऊन आपले गाऱ्हाणे मांडायला थेट पार्लमेंटच्या घाटापर्यंत गेले होते. आता काळाने आणखी एक फेरा घेतला आहे. येथे मुख्यालय असलेल्या एका जगप्रसिद्ध बँकेने २०२३ साली आपण येथून जाणार असे जाहीर केले. मनोरेही वखारींप्रमाणे रिकामे होऊ शकतात.

शेवटी आम्ही ईस्ट इंडिया स्थानकावर आलो. गोदीचा बहुतेक भाग बुजविलेला आहे. एका कोपऱ्यातील पाणी पक्ष्यांसाठी राखले आहे. भोवतालच्या रस्त्यांना लवंग, जायफळ, धणे, केशर यांची नावे आहेत. जुन्या भिंतीचा एक तुकडा मात्र अजून उभा आहे. मालाची चोरी होऊ नये म्हणून गोद्यांना अशा उंच भिंती घालीत.

ती भिंत पाहून आम्हांला लहानपणचे एक शेजारी आठवले. ते बोटीवर बटलर होते. आम्ही मुले त्यांना बोटीवाले काका म्हणत असू. लंडन कसे आहे असे विचारले की ते म्हणत, “धुके, भिंत, आणि भिंतीतले फाटक. आणखी काय असणार?” इंग्रजांच्या बोटींवर आपली माणसे फार होती. रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी डेकवर राबत. गोव्याचे कॅथलिक, ज्यांना तिकडे तारवटी म्हणतात, ते स्वयंपाकघर आणि भोजनगृह सांभाळीत. दोन सफरींच्या मधल्या काळात हे तारवटी मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडीत राहत, संध्याकाळी वेदीपुढे एकत्र रोझरी म्हणत आणि पुढच्या बोटीची वाट पाहत. लंडनमध्ये अडकून पडलेल्या आशियाई खलाशांसाठी लाइमहाऊस येथे १८५७ साली एक आश्रयगृह उघडले होते. १९३७ साली ते बंद झाले. आम्ही तो रस्ता पायी तुडविला; तेथे आता राहती घरे आहेत.

या वस्तीविषयीचे आमचे मत थोडक्यात असे. भिंती जपण्यात ती कुशल आहे, आणि पूर्वी भिंतीआड असलेली नदी तिने सामान्य माणसाला चालण्यासाठी मोकळी केली, हे तिचे मोठे श्रेय. परंतु संग्रहालय सोडले तर ती मालाला ओळखते, माणसाला ओळखत नाही. ज्यांनी भार वाहिला त्यांना तेथे ना घर मिळाले, ना फलक.

मात्र हे लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो. बोटीवाल्या काकांच्या बोटीचे नाव काय होते, हे आम्ही त्यांना कधी विचारले नाही. लंडनने त्यांना विसरावे याचा राग आम्हांला कोणत्या तोंडाने यावा? ते गेले तेव्हा त्यांची लोखंडी पेटी भंगारात दिली गेली. तिच्यात त्यांचे नोंदपुस्तक असणारच.

हा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे. मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्यावरील जमिनींचे काय करावे हे सुचविण्यासाठी २०१४ साली समिती नेमली गेली, आणि तेव्हापासून आराखडे होत आहेत. त्या किनाऱ्यालगत माझगाव आहे. माझगावात माथारपाखाडी आहे. आणि माथारपाखाडीत लाकडी जिन्यांची ईस्ट इंडियन घरे आणि जुना क्रूस आहे. उद्या तेथे नदीकाठच्या वाटेसारखी समुद्रकाठची वाट होईल, कॉटन ग्रीनच्या वखारींना काचा बसतील. होवोत, बंद भिंतीपेक्षा मोकळी वाट बरी. पण कोणाची घरे राहतील आणि फलकावर कोणाची नावे येतील, हे ठरत असताना आपण कोठे असू?

आमची वाचक-कुटुंबांना एक विनंती आहे. घरात कोणी गोदीत, बोटीवर, वखारीत काम केलेले वृद्ध असतील, तर या पावसाळ्यात त्यांच्याशेजारी वही घेऊन बसा. बोटीचे नाव विचारा, मुकादमाचे विचारा, पगार विचारा. धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्यांचे नाव शाबूत आहेच. त्यांच्या कामाचेही कोठेतरी असू द्या.