अंतराल-संकेतन आणि मराठी ‘पर्यंत’ : एक चिकित्सा

प्रस्तावना

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या परिसरातील मराठी शाळांतून आलेला विद्यार्थी अकरावीच्या विज्ञान शाखेत इंग्रजी माध्यमाला सामोरा जातो. तेथे (२, ५) म्हणजे टोके वगळलेले आणि [२, ५] म्हणजे टोके धरलेले अंतराल, हा नियम तो पाठ करतो. परंतु कंस बदलल्याने गणित का बदलते, हे बहुधा अस्पष्टच राहते. प्रस्तुत लेखात या अडचणीची भाषिक बाजू तपासली आहे.

विवेचन

‘शुल्क पाच तारखेपर्यंत भरावे’ यात पाच तारीख धरलेली असते. ‘पाच तारखेच्या आत’ म्हटले की शंका उरते. ही संदिग्धता दूर करणारे शब्दही मराठीतच आहेत. मध्य रेल्वेच्या धीम्या मार्गावर दादर ते चिंचपोकळी स्थानके किती? टोके धरून ४, वगळून २. ‘धरून’ म्हणजे चौकोनी कंस, ‘वगळून’ म्हणजे गोल कंस. त्या मानाने ‘संवृत’ व ‘विवृत’ या पारिभाषिक संज्ञा दुर्बोध आहेत. शिवाय त्या परस्परविरुद्ध भासतात, प्रत्यक्षात [२, ५) हे अंतराल दोहोंपैकी एकही नाही. गोल कंसाने क्रमित जोडीही दर्शविली जात असल्याने गोंधळात भर पडते.

मात्र स्थानकांच्या दृष्टान्ताला मर्यादा आहे. दादरनंतरचे स्थानक परळ. २ नंतरची लगतची वास्तव संख्या सांगता येत नाही. २.१ म्हणावे तर २.०१ तिच्या अलीकडे आहे. म्हणून (२, ५) मध्ये सर्वांत लहान संख्याच नाही.

रोलच्या प्रमेयात दोन्ही कंस एकत्र येतात : फलन [अ, ब] वर संतत, (अ, ब) वर अवकलनीय आणि टोकांशी समान किमतीचे असेल, तर मध्ये कोठेतरी अवकलज शून्य होतो. येथे चौकोनी कंसाऐवजी गोल कंस वाचला तर प्रमेय कोसळते. ० ≤ क्ष < १ साठी फ(क्ष) = क्ष आणि फ(१) = ० घ्यावे. टोकांच्या किमती समान आहेत, (०, १) वर फलन संतत व अवकलनीय आहे. तरी अवकलज सर्वत्र १ आहे. दोष केवळ एका टोकाशी आहे.

निष्कर्ष

कंस हा लेखनालंकार नसून तो गृहीतकाचा भाग आहे. तेव्हा प्रथम ‘धरून-वगळून’, नंतर संख्यारेषा आणि शेवटी संज्ञा, हा अध्यापनक्रम अधिक युक्त वाटतो. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांनी ‘शून्यलब्धि’ हा कलनविषयक ग्रंथ मराठीत लिहिला होता. त्याच मुंबईत एका कंसाचा अर्थ मराठीतून सांगण्यास संकोच वाटू नये.