हुबेहूब नसलेली माणसं

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली, स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या नटाची, बालगंधर्वांची दोन पूर्णाकृती तैलचित्रं आहेत. एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. त्यांच्यासमोर थांबलेल्या माणसाच्या तोंडून ‘काय हुबेहूब!’ हेच येतं. पण शालू उतरवल्यावर आत कोण उरतो, हा प्रश्न आपल्या व्यक्तिचित्रणाला फारसा पडला नाही. चेहरा जुळला, कापडाचा पोत साधला, की काम फत्ते.

तो प्रश्न अंगावर घेतला चित्रकार भूपेन खक्करांनी, आणि गंमत म्हणजे हुबेहूब काढणं त्यांना फारसं जमतच नव्हतं. 1934 साली मुंबईत जन्म, शिक्षणानं चार्टर्ड अकाउंटंट. 1962 मध्ये बडोद्याला गेले. अर्धा दिवस कीर्द-खतावणी, उरलेल्या वेळात कुंचला. त्यांच्या माणसांच्या माना ताठ, हातपाय अवघडलेले. सत्तरच्या दशकात त्यांनी घड्याळजी, शिंपी, न्हावी रंगवले ते याच अवघडलेपणासकट. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा बसलेल्या माणसासारखे ते दिसतात. मला तो कच्चेपणा त्यांची मर्यादा वाटत नाही. सफाई आली असती तर ही माणसं खोटी झाली असती.

स्वतःकडे वळायला मात्र त्यांना वेळ लागला. 1980 मध्ये आई गेली. पुढच्याच वर्षीच्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’मध्ये एक नग्न पुरुष सज्जात उभा राहून गावाकडे बघतो आहे. गावात बाप, लेक आणि गाढवाची गोष्ट चालू आहे. आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेली, कुणाचंच समाधान न होणारी. समलिंगी असल्याचं सांगायला चित्रकारानं लहान मुलांची बोधकथा निवडावी, यातला खट्याळपणा हे चित्र ज्या लंडनच्या टेट संग्रहालयात आहे तिथल्या भिंतीपेक्षा आपल्याकडच्या ओसरीवर जास्त कळेल. 1982 च्या ‘टू मेन इन बनारस’मध्ये दोन पुरुष मिठीत आहेत. भोवती पूजाअर्चा, साधू, बनारसचा नित्यक्रम. कुणी वळूनही बघत नाही.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा फास सप्टेंबर 2018 मध्ये सैल झाला. 2019 मध्ये हेच बनारसचं चित्र लंडनच्या लिलावात पंचवीस लाख पौंडांवर गेलं. आता लिंगभावावरची व्यक्तिचित्रं प्रदर्शनांत सहज दिसतात, आणि ते चांगलंच आहे. पण त्यांतली बरीचशी मला एकाच साच्यातली वाटतात: सपाट रंगाची पार्श्वभूमी, थेट रोखलेली नजर, केसांत एखादं फूल. चित्र नीट रंगवलेलं असतं. सफाई तर खक्करांपेक्षा कितीतरी जास्त. ‘मी हा आहे’ असं ते ठणकावून सांगतं. हा माणूस पोटासाठी काय करतो, कुठल्या गल्लीत राहतो, शेजारी त्याला कुठल्या नावानं हाक मारतात, हे त्या सपाट रंगामागे पुसलं गेलेलं असतं. खक्करांचा घड्याळजी निदान दुकानात तरी बसला होता.