दुधाच्या बाटलीतील लक्षणा

व्हेंचुरी, स्कॉट ब्राउन व इझेनूर यांनी १९७२ साली, जेथे वास्तूच चिन्ह बनते अशा बांधकामास ‘बदक’ ही संज्ञा दिली. ती सोयीची खरी. परंतु भिन्न अर्थव्यापार ती एकत्र करते. लाँग आयलंडवरील बदकाकृती दुकानात बदकेच विकली जात. हा अभिधेचा प्रकार. मॅसॅच्युसेट्समधील टॉन्टन येथे १९३०च्या दशकात रस्त्याकडेला उभारलेल्या, ४० फूट उंच दुधाच्या बाटलीत मात्र आइस्क्रीम विकले जाई. येथे मुख्यार्थाचा बाध होऊन दुधावरून आइस्क्रीमचा बोध मोटारीतील प्रवाशास क्षणार्धात व्हावयाचा. ही शुद्ध लक्षणा होय, आणि (एका लहान दुकानदाराने साधलेली म्हणून) विशेष कौतुकास्पद. १९७७ मध्ये ती बाटली बॉस्टनच्या बालसंग्रहालयापुढे आणण्यात आली. तिच्यावर आज हूड या दुग्धव्यावसायिक कंपनीचे नाव आहे. आकार टिकला, तरी लक्षणेची जागा नाममुद्रेने घेतली. हा अर्थपालट ‘बदक’ या संज्ञेच्या कक्षेत येतच नाही.