ॲजिनकोर्टचे अनाम तिरंदाज

युद्धाचे चित्रण करणाऱ्या कलाकृतीची परीक्षा करताना टीकाकार बहुधा दोन प्रश्न विचारतात : चित्रण इतिहासाला धरून आहे काय, आणि ते रसोत्कट झाले आहे काय. तितक्याच महत्त्वाचा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ज्यांच्या हातांनी लढाई जिंकली गेली, त्यांना त्या कलाकृतीत कोणती जागा मिळाली? हा प्रश्न घेऊन आम्ही येथे ॲजिनकोर्टच्या लढाईच्या काही चित्रणांकडे पाहू इच्छितो. शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ या नाटकामुळे ती लढाई इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकांच्या परिचयाची आहे; आणि परिचयाच्या गोष्टीच आपण सर्वांत कमी निरखतो.

प्रथम लढाई. २५ ऑक्टोबर १४१५ रोजी उत्तर फ्रान्समध्ये, दोन वनांच्या मधील नांगरलेल्या अरुंद शेतात, इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री व फ्रान्सचे उमराव यांची गाठ पडली. इंग्रजांच्या सैन्यात दर सहा माणसांमागे सुमारे पाच तिरंदाज होते. त्यांचा रोज ६ पेन्स, तर कवचधारी स्वाराचा १२. पावसाने शेताचा चिखल झालेला. तिरंदाजांनी आपल्यापुढे टोकदार खुंट रोवलेले. फ्रेंचांचे थोडे घोडेस्वार प्रथम चालून आले आणि बाणांच्या माऱ्याने उधळले गेले. मुख्य फळी पायीच, जड कवचांनिशी, चिखल तुडवीत आली. त्या अरुंद जागी गर्दीच तिची वैरीण झाली. बाण सरल्यावर तिरंदाज कुऱ्हाडी, तलवारी, खुंट ठोकावयाचे मोगर घेऊन त्या गर्दीत घुसले. कुलवंतांचा पराभव कुलहीनांनी केला, हे या लढाईचे मर्म होय.

कलावंतांनी या मर्माचे काय केले? ॲजिनकोर्टच्या ६९ वर्षे आधी, १३४६ साली, क्रेसी येथे याच लांब धनुष्यांनी फ्रेंचांचा असाच पराभव केला होता. त्या लढाईचे प्रसिद्ध लघुचित्र फ्र्वासारच्या बखरीच्या एका हस्तलिखितात आहे. ते पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रूजच्या एका उमरावासाठी तयार झाले. त्यात तिरंदाज अगदी पुढे आहेत. एका बाजूस लांब धनुष्ये, दुसऱ्या बाजूस कळ दाबून बाण सोडावयाची जिनोव्हाच्या भाडोत्री सैनिकांची आडवी धनुष्ये. पण दोन्ही फळ्यांमध्ये अंतर असे नाहीच. जणू हात लांबवला तर शत्रूच्या खांद्याला लागावा. धनुष्याचा सारा प्रभाव दुरून मारण्यात. चित्रकाराच्या पानाला मात्र दूरत्व परवडत नाही. त्यामुळे तिरंदाज चित्रात येतो, पण त्याचे सामर्थ्य चौकटीबाहेर राहते. येथे दोष चित्रकाराच्या वृत्तीचा नसून माध्यमाचा आहे, हे न्यायाने म्हटले पाहिजे.

काव्याला ही अडचण नव्हती. तरीही विजयानंतर रचले गेलेले ‘ॲजिनकोर्टचे गीत’ सारे श्रेय परमेश्वराला अर्पून मोकळे होते. राजा येतो, सरदार येतात, बंदिवान येतात. तिरंदाज येत नाहीत. मायकेल ड्रेटनच्या १६०६ सालच्या वीरगीतात बाण आहेत, त्यांना दंश करणाऱ्या सर्पांची उपमाही आहे. पण बाणांचे वर्णन संपताच कवी सरदारांची नावे एकामागून एक घेऊ लागतो. बाण कोणी सोडले, हे विचारण्यास त्याच्या छंदाच्या दौडीत सवड नाही.

पराभूतांच्या वाङ्मयाचा सूर वेगळा आहे. आलँ शार्त्येने १४१६ च्या सुमारास लिहिलेल्या काव्यात चार स्त्रिया आपापले दुःख मांडतात. एकीचा प्रियकर मेला, दुसरीचा पकडला गेला, तिसरीच्याचा पत्ता नाही, चौथीचा पळून गेला. आणि सर्वांत मोठे दुःख कोणाचे, हा वाद. ऑर्लेआँचा ड्यूक शार्ल या रणावर पकडला गेला आणि २५ वर्षे इंग्लंडमध्ये बंदिवासात राहिला. त्याच्या उत्कृष्ट कवितेतील मोठा भाग याच बंदिवासात जन्मला. या वाङ्मयातील शोक अस्सल आहे. पण तो शोकही कुलवंतांचाच. पायदळातील माणसाच्या बायकोचे पाचवे दुःख कोणी लिहिले नाही.

आता शेक्सपिअर. १५९९ च्या सुमाराच्या त्याच्या नाटकात लढाईचे प्रवेश आहेत, पण तिरंदाजांचा पराक्रम कोठेच नाही. रंगभूमीवर बाण सोडता येत नाहीत, हे खरे. आणि निवेदक आपल्या अपुऱ्या साधनांबद्दल प्रेक्षकांची क्षमाही मागतो. परंतु जे दाखवता येत नाही ते सांगता येते, आणि शेक्सपिअरने तेही सांगितलेले नाही. लढाईनंतर राजाच्या हाती मृतांची यादी येते. फ्रेंचांचे राजकुमार, उमराव नावानिशी वाचले जातात. इंग्रजांपैकी चार नावे येतात. बाकी नाव घेण्याजोगे कोणी नाही, इतर अवघे पंचवीस. मराठी वाचकाला येथे पानिपतच्या त्या सांकेतिक वार्तेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १७६१ च्या त्या वार्तेत मोती मोजले गेले, मोहरा मोजल्या गेल्या. खुर्दा मात्र मोजण्यापलीकडे राहिला. तेथे हानी अपार म्हणून खुर्द्याची गणती नाही, येथे ती अल्प म्हणून नावे नाहीत. पण नाणे पाहून माणूस मोजण्याची दृष्टी दोन्हीकडे तीच.

परंतु एवढ्यावरून शेक्सपिअरला दोषी ठरवणे म्हणजे नाटक अर्धेच वाचणे होय. लढाईच्या आदल्या रात्री राजा वेष पालटून छावणीत फिरतो, तेव्हा त्याला तीन साधे सैनिक भेटतात, आणि या तिघांना नाटककाराने नावे दिली आहेत : बेट्स, कोर्ट आणि विल्यम्स. विल्यम्स म्हणतो की, युद्धाचा हेतूच न्याय्य नसेल, तर तुटलेले हातपाय आणि मुंडकी अंतिम न्यायाच्या दिवशी एकत्र येऊन राजाला जाब विचारतील. राजा लांबलचक उत्तर देतो. ते चातुर्याचे आहे, पण ते विचारलेल्या प्रश्नाचे नाही. प्रत्येकाचे पाप ज्याचे त्याच्यापाशी, एवढेच तो सिद्ध करतो. हेतू न्याय्य होता काय, हे अनुत्तरितच राहते. पुढे राजा विल्यम्सचा हातमोजा सोन्याच्या नाण्यांनी भरून देतो. प्रश्नाला उत्तर न देता बक्षीस देण्याची ही राजनीती शेक्सपिअरने उघडी करून ठेवली आहे. आमच्या मते या नाटकाचा मानबिंदू राजाच्या गाजलेल्या रणभाषणात नसून या प्रवेशात आहे. नाटककाराने साध्या सैनिकाच्या हाती धनुष्य दिले नाही. त्याच्या मुखी प्रश्न दिला.

चित्रपटाला दूरत्वही दाखवता येते आणि मुद्राही. लॉरेन्स ऑलिव्हिएचा १९४४ सालचा चित्रपट युद्धकाळात निघाला आणि ब्रिटिश कमांडो व हवाई सैनिकांना अर्पण केला गेला. त्यातील फ्रेंच घोडदळाची चाल प्रथम संथ, मग दुडकी, मग भरधाव होत जाते. विल्यम वॉल्टनचे संगीत तिच्याबरोबर चढत जाते, आणि बाणांचा थवा सणसणत आकाशात उठतो. हे दृश्य अप्रतिम आहे, पण हिरवळीवरची ती घोडदौड चिखलातून पायी आलेल्या फ्रेंच फळीला झाकून टाकते. केनेथ ब्रानाच्या १९८९ सालच्या चित्रपटात चिखल आहे, रक्त आहे, प्रेतांमधून चालत जाणारा थकलेला राजा आहे. दोघांनीही तिरंदाज दाखवले, परंतु समूह म्हणूनच. विल्यम्सच्या हाती धनुष्य देऊन त्या समूहाला एक मुद्रा द्यावी, याकडे दोघांचेही लक्ष गेले नाही.

आणखी एक गोष्ट दोघांनीही गाळली. राजाने बंदिवानांना ठार मारण्याचा हुकूम दिला, हे शेक्सपिअरने लपवले नव्हते. रणावर हजर असलेल्या बखरकारांच्या वृत्तांतांत असे आहे की, खंडणीच्या आशेने कवचधारी कचरले, तेव्हा हे काम २०० तिरंदाजांवर सोपवले गेले. तिरंदाजांना त्यांची जागा परत द्यावयाची, तर ही जागाही त्यांच्याबरोबर येते. गौरवाची तेवढी उचलावी आणि रक्ताची टाकावी, हा न्याय नव्हे.

कला म्हणजे काही हजेरीपट नव्हे, असा आक्षेप यावर कोणी घेईल. तो आम्हांस मान्य आहे. शिवाय खरे हजेरीपट आहेतच. त्या मोहिमेच्या अनेक तुकड्यांच्या याद्या इंग्लंडच्या राजकोषाच्या दप्तरात टिकून आहेत. त्यांत रोजी ६ पेन्स मिळवणाऱ्या तिरंदाजांची नावे आहेत, आणि आधुनिक संशोधकांनी ती अभ्यासकांना खुली केली आहेत. म्हणजे काव्याने जी नावे घेतली नाहीत, ती पगाराच्या कारकुनाने जपली. कलेने कारकून व्हावे असे आमचे म्हणणे नाही. मात्र ‘नाव घेण्याजोगे कोणी नाही’ हे वाक्य वर्गात आले की, अध्यापकाने क्षणभर थांबावे आणि विद्यार्थ्यांना विचारावे : विल्यम्स त्या पंचविसांत असता, तर यादी वाचणाऱ्या राजाला तो आठवला असता काय? या प्रश्नाने नाटकाचे सौंदर्य उणावत नाही. ते अधिक खोल जाते.