जेन ब्रायंटचा खटला आणि वेष चढवलेला इतिहास

अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओकलंड नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथले लोक जुने कपडे अंगावर चढवून आपल्या मुलखातला १८४७चा गुलामगिरीचा खटला उभा करतात. त्याला जिवंत इतिहास म्हणतात. यात जिवंत कोण झालं, हा माझा सवाल. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्या नात्यानं हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

प्रकरण असं. रॉबर्ट मॅट्सन हा केंटकीचा जमीनदार. इलिनॉयमध्ये गुलामगिरीला बंदी. तरी तिथल्या आपल्या शेतावर तो हंगामाला गुलाम आणायचा नि वर्ष भरायच्या आत माघारी न्यायचा. अँथनी ब्रायंट मुकादम म्हणून तिथंच राहिला, म्हणून तो मोकळा मानला गेला. बायको जेन आणि चार पोरं मात्र मालकाचीच. मालकाचं घर चालवणाऱ्या बाईनं धमकी दिली: तुम्हाला दक्षिणेत विकायला लावते. अँथनीनं बायकापोरं उचलली आणि ॲशमोरची खानावळ गाठली. रुदरफर्ड डॉक्टरनं साथ दिली. मॅट्सननं डॉक्टरवर अडीच हजार डॉलरचा दावा ठोकला. माणशी पाचशे! जेन आणि पोरं जेलात.

मालकाचा वकील कोण? अब्राहम लिंकन. त्याचं म्हणणं, ही माणसं इथली कायमची नव्हेत, हंगामी आहेत.

हंगामी! हा शब्द मला कुणी समजावून सांगायला नको. २४० दिवस भरू नयेत म्हणून बदली कामगाराला ब्रेक दिलेला मी गिरणीत पाहिलाय. मी गुलाम नाही. पाळी सुटली की गेटाबाहेर पडतो, जेनला ती सोय नव्हती. पण दिवस मोजून माणसाचा हक्क मारायची ही अक्कल मी ओळखतो.

१६ ऑक्टोबर १८४७ला चार्लस्टनच्या कोर्टात निकाल लागला. जेन आणि पोरं सुटली. नाटकात इथं टाळ्या पडणारच. पण निकालाचा आधार काय? मालकानं स्वतः त्यांना इलिनॉयच्या शेतावर आणून ठेवलं, म्हणून ती मोकळी. माणूस मालमत्ता होऊच शकत नाही, असं कोर्ट म्हणालं नाही. हीच जेन केंटकीत असती तर गुलामच राहिली असती. दहा वर्षांनी, १८५७ साली, ड्रेड स्कॉट सुप्रीम कोर्टात सात विरुद्ध दोन हरला. तोही इलिनॉयमध्ये राहून आलेला होता.

म्हणून असल्या प्रयोगाला माझी कसोटी साधी आहे. न्यायाधीश दयाळू आणि जेन उपकृत दिसली, की प्रयोग फसला. लिंकन मालकाच्या बाजूनं उभा ठळक दिसला पाहिजे. १८६३ला मुक्तीचा जाहीरनामा काढणारा तोच, हेही सांगा. पण त्यानं १८४७ झाकू नका. थोर माणसाची पूजा करायला नाटक कशाला पाहिजे?

आणि निकालावर पडदा पाडू नका. खटला जिंकून ब्रायंट कुटुंब त्या मुलखात राहिलं नाही, ते आफ्रिकेत लायबेरियाला गेलं. कागदावर मोकळीक मिळाली, राहायला गाव मिळालं नाही. हा प्रवेश नसलेलं नाटक मी अर्धंच म्हणेन.

दोस्तांनो, उद्या आपले मोर्चे नि आपले खटलेही कुणी वेष चढवून दाखवील. तेव्हा आधी एवढं विचारा: पहिलं पाऊल कुणी टाकलं? इथं ते अँथनीनं आणि जेननं टाकलं. डॉक्टर, वकील, कोर्ट, सगळे मागून आले.