हवाई छत्री आणि बंद पाकीट

हेराच्या आत्मचरित्रात थरार फार आणि खरे थोडे, असे आपण धरूनच चालतो. अमेरिकन हेरखात्याचे एके काळचे प्रमुख विल्यम कोल्बी यांचे ‘ऑनरेबल मेन’ (1978) निदान युद्धाच्या प्रकरणांत तरी हा समज खोटा ठरवते.

ऑगस्ट 1944. चोविशीचे कोल्बी दोघा फ्रेंच साथीदारांसह हवाई छत्रीने फ्रान्समध्ये उतरले, ते नेमके जर्मन फौजेच्या मोंतार्जी गावात! ठरलेली जागा कित्येक मैल दूर राहिली. पुढे ज्याच्या भरवशावर काम करायचे, तो भूमिगतांचा नेता रॉजे बार्दे जर्मनांना फितूर होता. मार्च 1945 मध्ये नॉर्वेवर आठ विमाने निघाली. चारांतलीच माणसे गोठलेल्या तळ्यावर पोहोचली, एकातली तर तटस्थ स्वीडनमध्ये पडली. उरलेल्यांनी बर्फ तुडवीत जाऊन तांगेनचा रेल्वेपूल उडवला. स्वतःची फजिती लपवीत नाही, म्हणून हा माणूस पटतो.

मग येते रोम, 1953 ते 1958. कम्युनिस्टांना अडवण्यासाठी इटलीतल्या मध्यममार्गी पक्षांना गुपचूप पैसा पुरवणे, हे आता त्यांचे काम. रशियाही तेच करीत होता, हे त्यांचे समर्थन. असेल, पण त्या इटालियन मतदाराला कोणी विचारले? येथे कोल्बींमधला कोलंबियात शिकलेला वकील बोलू लागतो आणि बर्फातला पोरगा हरवतो. पूल उडवणाऱ्याला पलीकडचा शत्रू दिसत होता. पाकीट देणाऱ्याला समोर फक्त मित्र दिसतात.

नॉर्वेचे प्रकरण घरातल्या मुलांना जरूर वाचून दाखवावे. रोमचे मात्र मोठ्यांनी, फराळाची ताटे उचलल्यावर, सावकाश वाचावे.